मायक्रोकंट्रोलर बोर्डावर तंबोरा: बझरपासून जवारीपर्यंत

छंद म्हणून वापरल्या जाणाऱ्या मायक्रोकंट्रोलर बोर्डांवर आवाज काढण्याची बहुतेक मार्गदर्शने बझरवर वाजणाऱ्या एखाद्या धुनेपाशी थांबतात. २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे आर्डुइनोचा जन्म झाल्यापासून हे बोर्ड इतके स्वस्त आणि वेगवान झाले आहेत की तेवढ्यावर समाधान मानण्याचे कारण उरलेले नाही. या लेखात तंबोऱ्याची साथ देणारे एक छोटे उपकरण टप्प्याटप्प्याने कसे बांधावे हे सांगितले आहे. तंबोरा निवडण्याचे कारण असे की त्यात वाजवायचे फारसे काही नसते आणि लपवायलाही काही नसते. चार तारा, तीन स्वर आणि ताल नाही. पण स्वर तासभर ऐकायचा असल्याने तो किंचित हलला, खरखरला किंवा निर्जीव झाला तर गायकाला ते लगेच जाणवते. प्रोग्राम लिहिणे हा या कामातला सोपा भाग आहे. बोर्डाकडून वेळेचे अचूक मोजमाप करून घेणे आणि तयार झालेला आवाज स्पीकरपर्यंत न बिघडवता पोहोचवणे, यांवर उपकरणाचा दर्जा ठरतो.

साहित्य

सुरुवातीच्या प्रयोगांसाठी आर्डुइनो उनो किंवा त्याच धर्तीचा नॅनो बोर्ड पुरेसा आहे. अंतिम उपकरणासाठी ईएसपी३२ हा बोर्ड, मॅक्स९८३५७ए या चिपचा छोटा अँप्लिफायर मॉड्यूल, चार ओहमचा तीन वॅट क्षमतेचा स्पीकर, एक रोटरी एन्कोडर (खटक्याखटक्याने फिरणारा नॉब), दोन-तीन पुश बटणे, ब्रेडबोर्ड आणि जोडणीच्या वायर लागतील. स्पीकर शक्यतो चार इंची घ्यावा. दोन इंचीवर काम भागते, पण खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा षड्ज, पातळ येतो. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सर्व एका फेरीत मिळते. ईएसपी३२ घेताना नावापुढचे अक्षर नीट पाहावे, कारण एस३, सी३ अशा पुढच्या आवृत्त्यांच्या पिनांची मांडणी वेगळी असते आणि मूळ ईएसपी३२ मध्ये असलेले आठ बिटांचे दोन डॅक, म्हणजे आकड्यांचे व्होल्टेज करणारे भाग, त्यांत नसतात. आपल्याला ते डॅक वापरायचे नाहीत, तरीही जुन्या आकृत्या पाहून जोडणी करणाऱ्याचा त्यामुळे गोंधळ उडतो.

मेमरी कार्डावरून एमपी३ वाजवणारे डीएफप्लेयर मिनी नावाचे मॉड्यूलही बाजारात मिळते. खऱ्या तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण त्यात टाकून काम झटपट उरकता येते. मात्र ध्वनिमुद्रण संपून पुन्हा सुरू होताना मध्ये खंड पडतो आणि पट्टी बदलायची तर प्रत्येक पट्टीची वेगळी फाइल ठेवावी लागते. शिवाय त्यात आपण काही घडवलेले नसते, म्हणून तो मार्ग येथे बाजूला ठेवला आहे.

पहिला टप्पा: पिनमधून निघणारा आवाज

उनोवर ‘टोन’ हे तयार फंक्शन आहे. त्याला पिनचा क्रमांक आणि कंपनसंख्या दिली की ती पिन तेवढ्या वेगाने चालू-बंद होऊ लागते. पिनला पायझो बझर जोडला असेल तर रेझिस्टरशिवाय चालते, पण आठ ओहमचा स्पीकर थेट पिनला कधीही जोडू नये. पाच व्होल्टला आठ ओहमने भागले तर ६२५ मिलिअँपिअर येतात, आणि उनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरच्या आसपासच प्रवाह घेणे सुरक्षित असते. चाचणीसाठी स्पीकर लावायचाच असेल तर त्याच्या मालिकेत २२० ते २५० ओहमचा रेझिस्टर घालावा. आवाज बारीक येईल, पण बोर्ड शाबूत राहील.

‘टोन’च्या मर्यादा आधीच माहीत असलेल्या बऱ्या. एका वेळी एकच स्वर वाजतो आणि ३१ हर्ट्‌झच्या खाली तो जाऊ शकत नाही. उनोवर हे फंक्शन ‘टायमर २’ वापरत असल्यामुळे ३ आणि ११ क्रमांकांच्या पिनांवरचे पीडब्ल्यूएम (पिन वेगाने उघड-मीट करून सरासरी व्होल्टेज घडवण्याची सोय) त्या काळात नीट चालत नाही. कंपनसंख्या पूर्णांकातच द्यावी लागते, त्यामुळे १३८.५९ हर्ट्‌झचा षड्ज मागता येत नाही. निघणारी लहर चौकोनी असते, म्हणजे तिच्यात मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे फक्त विषम उपस्वर असतात. तंबोऱ्याच्या नादात सम आणि विषम असे दोन्ही भरपूर असल्याने चौकोनी लहर कितीही नेमकी असली तरी ती तंबोऱ्यासारखी वाटत नाही.

तरीही या टप्प्यावर थोडा वेळ द्यावा, कारण स्वरांतरांचे गणित येथेच कानांनी पडताळता येते. संगीतशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत षड्ज सेकंदाला २४० आंदोलनांचा (कंपनांचा) धरण्याची पद्धत आहे, आणि ती पूर्णांकांच्या मर्यादेत आपल्या नेमकी उपयोगी पडते. नवअष्टमांशाने ऋषभ २७०, पाचचतुर्थांशाने गंधार ३००, चारतृतीयांशाने मध्यम ३२०, दीडपटीने पंचम ३६०, पाचतृतीयांशाने धैवत ४०० आणि पंधराअष्टमांशाने निषाद ४५० येतो. एकाही ठिकाणी अपूर्णांक नाही. आता त्याच षड्जावरून हार्मोनियमच्या समान अंतराच्या पद्धतीने गंधार काढला तर तो ३०२.४ च्या आसपास येतो. आधी ३०० आणि मग ३०२ असे आळीपाळीने, प्रत्येक वेळी आधी २४० वाजवून ऐकावे. हा फरक ऐकू आला की पुढे अपूर्णांकांसाठी इतका खटाटोप का करायचा हे वेगळे सांगावे लागत नाही.

घड्याळ बेसूर असू शकते

मायक्रोकंट्रोलर स्वर मोजतो तो स्वतःच्या घड्याळावर. ते घड्याळ अर्धा टक्का पुढे असेल तर सगळे स्वर अर्धा टक्का चढे लागतात. मूळ उनो आर३ वर मुख्य चिपसाठी सिरॅमिक रेझोनेटर बसवलेला असतो आणि त्याची सहनमर्यादा साधारण अर्ध्या टक्क्याची असते. एका श्रुतिपेटीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की शंभर सेंटच्या अर्धस्वरात साडेआठ सेंटपर्यंत चूक पडू शकते. एकट्याने रियाज करताना हे खपून जाईल, कारण सर्व स्वर एकाच प्रमाणात सरकलेले असतात; पण सोबत हार्मोनियम असेल तर खपणार नाही. क्वार्ट्‌झ स्फटिक बसवलेले बोर्ड याहून कितीतरी नेमके असतात. ईएसपी३२ बोर्डावर ४० मेगाहर्ट्‌झचा स्फटिक असतो आणि त्याची चूक दशलक्षात काही भाग इतकीच असते. तंबोऱ्यासाठी हा बोर्ड निवडण्यामागे त्याच्या वेगाइतकेच हेही एक कारण आहे.

दुसरा टप्पा: उनोवर अनेक स्वर एकत्र

एकाच वेळी अनेक स्वर हवे असतील तर पिन नुसती चालू-बंद करून भागत नाही. लहरीची उंची सेकंदाला हजारो वेळा ठरवून ती बाहेर पाठवावी लागते. उनोला खरे डॅक नाही. त्यामुळे पिन अतिशय वेगाने उघड-मीट करून, उघडी राहण्याचा काळ कमी-जास्त करत, सरासरी व्होल्टेज हवे तसे घडवण्याची युक्ती वापरतात, हेच पीडब्ल्यूएम. हे सर्व हाताने लिहिण्याऐवजी मोझी ही लायब्ररी घ्यावी. उनोवर ती सेकंदाला १६,३८४ सॅम्पल, म्हणजे लहरीच्या उंचीचे आकडे, तयार करते आणि आवाज ९ क्रमांकाच्या पिनवर देते. तिच्या शिस्तीत दोन कामे वेगळी ठेवलेली आहेत: बटणे आणि नॉब वाचण्याचे काम सेकंदाला ६४ वेळा होते, तर प्रत्येक सॅम्पल काढण्याचे काम पूर्ण वेगाने होते. या प्रोग्राममध्ये ‘डिले’ हे फंक्शन कोठेही येता कामा नये. त्या एका ओळीने सगळा आवाज गोठतो.

पिन ९ मधून निघणाऱ्या आवाजात वेगवान उघड-मीटीचा कचरा मिसळलेला असतो. पिनपासून एक किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत घालून त्याच्या दुसऱ्या टोकापासून ग्राउंडला ३३ नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडला की साधारण ४,८०० हर्ट्‌झच्या वरचा भाग उतरत जातो. पुढे दहा किलोओहमचा व्हॉल्यूम पोटेन्शिओमीटर आणि त्यानंतर पीएएम८४०३चा छोटा अँप्लिफायर जोडावा. पोटेन्शिओमीटर येथे सोयीपुरता नाही. पिनचे पाच व्होल्ट तसेच आत सोडले तर अँप्लिफायर लहरीचे शेंडे छाटतो आणि आवाज फाटतो.

हे सगळे नीट जमले तरी आठ-नऊ बिटांच्या आवाजाची एक अडचण राहतेच. तार जसजशी विझत जाते तसतशी लहर थोड्याच पायऱ्यांत बसवावी लागते आणि शेवटच्या मंद नादाला खरखरीची किनार येते. तबल्याच्या ठेक्यासारख्या तुटक आवाजांत ती ध्यानात येत नाही. तंबोऱ्यात मात्र ऐकण्यासारखे सर्व त्या विझत जाण्यातच असल्यामुळे उनोचा येथे निरोप घ्यावा.

तिसरा टप्पा: ईएसपी३२ आणि डिजिटल अँप्लिफायर

ईएसपी३२ मध्ये आयटूएस नावाची सोय आहे. तिच्यामुळे सोळा बिटांची सॅम्पल अंकांच्याच रूपात तीन वायरींवरून बाहेर जातात आणि त्यांचे व्होल्टेजमध्ये रूपांतर अँप्लिफायरच्या चिपमध्ये होते. मॅक्स९८३५७ए ही चिप एकाच वेळी डॅक आणि अँप्लिफायर अशा दोन्ही भूमिका बजावते आणि पाच व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला सुमारे तीन वॅट देते. मॉड्यूलवरची व्हीआयएन पिन पाच व्होल्टला, जीएनडी ग्राउंडला, बीसीएलके ही ईएसपी३२च्या २६ क्रमांकाला, एलआरसी २५ ला आणि डीआयएन २२ ला जोडावी. गेन ही पिन मोकळी सोडली तर नऊ डेसिबलची वाढ मिळते. ती पुरेशी आहे. या वायरी शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात, कारण ब्रेडबोर्डवर वीतभर लांबीच्या वायरींनी मधूनच टकटक सुरू झालेली आढळते. व्हीआयएन आणि जीएनडी यांच्यामध्ये, मॉड्यूलच्या अगदी जवळ, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा.

एक गोष्ट येथे आवर्जून सांगायला हवी. या चिपच्या स्पीकरकडे जाणाऱ्या दोन्ही वायरींवर आवाजाचा संदेश असतो, त्यांपैकी कोणतीही ग्राउंड नसते. त्यामुळे स्पीकरची एक वायर सवयीने ग्राउंडला जोडू नये, आणि त्या टोकांवरून हेडफोन किंवा दुसऱ्या अँप्लिफायरला जोडणीही घेऊ नये. पीएएम८४०३लाही हाच नियम लागू आहे. मैफलीच्या ठिकाणच्या मोठ्या अँप्लिफायरला उपकरण जोडायचे असेल तर मॅक्स९८३५७एच्या जागी पीसीएम५१०२ए हे डॅकचे मॉड्यूल घ्यावे. त्याच्यातून सरळ लाइन पातळीचा आवाज मिळतो.

प्रोग्राममध्ये सॅम्पलचा वेग ४४,१०० ठेवावा आणि सॅम्पल २५६ च्या तुकड्यांत तयार करून पाठवावीत. असा एक तुकडा ५.८ मिलिसेकंद पुरतो. आयटूएसचे हार्डवेअर ती सॅम्पल स्वतःच्या घड्याळावर एकेक करून पुढे ढकलत असते आणि आपल्या प्रोग्रामला फक्त पुढचा तुकडा वेळेत हजर करायचा असतो. साठा रिकामा होण्यापूर्वी तो आला नाही तर आवाजात चटका बसतो. ईएसपी३२ ला दोन कोअर असल्याने एक कोअर आवाजासाठी राखून ठेवावा आणि बटणे, पडदा वगैरे दुसऱ्याकडे सोपवावे.

तार घडवणे

१९८३ मध्ये केव्हिन कारप्लस आणि ॲलेक्झांडर स्ट्राँग यांनी छेडलेल्या तारेचा आवाज काढण्याची जी रीत प्रसिद्ध केली, ती लहान संगणकांसाठी आजही तितकीच सोयीची आहे. प्रत्येक तारेसाठी आकड्यांची एक रांग घ्यावी. तार छेडायची असेल तेव्हा त्या रांगेत यादृच्छिक आकडे भरावेत. त्यानंतर प्रत्येक सॅम्पलला रांगेतला सर्वांत जुना आकडा बाहेर काढून स्पीकरकडे पाठवावा. तो आणि त्याच्या लगेच आधी बाहेर काढलेला आकडा यांची सरासरी काढून ती एकापेक्षा किंचित लहान गुणांकाने गुणावी आणि आलेले उत्तर रिकाम्या झालेल्या जागी ठेवून पुढच्या जागेकडे सरकावे. रांगेचे टोक आले की पुन्हा सुरुवातीपासून. सरासरीमुळे वरचे उपस्वर आधी विझतात आणि खालचे टिकून राहतात. खऱ्या तारेतही तसेच घडते.

स्वराची उंची रांगेच्या लांबीवर ठरते. काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गाणाऱ्या पुरुष गायकासाठी जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन सारख्या तारांचा षड्ज १३८.५९ हर्ट्‌झ धरू. ४४,१०० ला त्याने भागले की ३१८.२० सॅम्पल येतात. खर्ज याच्या निम्म्या कंपनसंख्येचा, म्हणून त्याची लांबी दुप्पट, म्हणजे ६३६.४० होते, मंद्र पंचम पाऊणपटीचा, म्हणून त्याची लांबी ४२४.२७ होते. रांगेत मात्र पूर्ण जागाच असतात, पाव किंवा पाऊण जागा नसते. खालच्या पट्टीत याचा फारसा उपद्रव होत नाही. पण काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेसाठी जोडीची तार २०७.६५ हर्ट्‌झची असते आणि तेथे रांगेत एक जागा कमी-जास्त केल्याने स्वर आठ सेंटने उडी मारतो. म्हणजे जवळची पूर्ण संख्या निवडूनही चार सेंटपर्यंत चूक राहू शकते. चार सेंट ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण पंचमाच्या तारेचा चौथा उपस्वर आणि जोडीच्या तारेचा तिसरा उपस्वर ६२३ हर्ट्‌झवर एकत्र येतात आणि तेथे चार सेंटांचा फरक सेकंदाला जवळजवळ दीड आंदोलने इतका होतो, म्हणजे आवाज तितक्या वेळा कमी-जास्त होत डुलतो. तंबोरा जुळलेला नाही हे गायकाला याच डुलण्यावरून कळते.

यावरचा उपाय डेव्हिड जाफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी त्याच वर्षी मांडला. तारेच्या फेऱ्यात ऑलपास नावाचा एक छोटा फिल्टर घालायचा. तो कोणताही उपस्वर कमी-जास्त न करता फक्त अपूर्णांकाएवढा उशीर करतो. आताच्या सॅम्पलला एका गुणांकाने गुणावे, त्यात आधीचे आत आलेले सॅम्पल मिळवावे आणि त्याच गुणांकाने गुणलेले आधीचे उत्तर त्यातून वजा करावे; झाला फिल्टर. गुणांक काढण्यासाठी एकातून हवा असलेला उशीर वजा करून जे येईल त्याला एक अधिक तो उशीर याने भागावे. हिशेब करताना हे लक्षात ठेवावे की सरासरीमुळे आधीच अर्ध्या सॅम्पलचा उशीर झालेला असतो. म्हणून जोडीच्या तारेच्या ३१८.२० पैकी ३१७ जागा रांगेच्या, अर्धा सरासरीचा आणि उरलेला ०.७० उशीर ऑलपासचा. त्याचा गुणांक ०.३० भागिले १.७०, म्हणजे ०.१७६ येतो. ऑलपासच्या वाट्याला येणारा उशीर अर्धा ते दीड सॅम्पल यांच्या दरम्यान राहील अशा बेताने रांगेची लांबी निवडावी. आकडे फ्लोट या अपूर्णांकांच्या साध्या प्रकारचे ठेवावेत, दुप्पट जागा घेणारे डबल नकोत. ईएसपी३२ मध्ये फ्लोटसाठी वेगळे हार्डवेअर आहे, डबलचे गणित मात्र सॉफ्टवेअरने होते आणि अनेक पटींनी मंदावते.

विझण्याचा गुणांक प्रत्येक तारेला वेगळा द्यावा लागतो. तो प्रत्येक कंपनाला एकदा लागू होत असल्याने एकच गुणांक चारही तारांना दिला तर उंच तार लवकर विझते. काळी एकच्या तंबोऱ्यात खर्जासाठी ०.९९, पंचमासाठी ०.९९३ आणि जोडीसाठी ०.९९५ असे आकडे घेतले तर तिन्ही स्वर साधारण दहा सेकंदांत विझतात. तेथून पुढे आपल्या कानाला पटेल तसे बदलावे.

छेडताना रांगेत भरलेले यादृच्छिक आकडे तसेच ठेवले तर आवाज नखीने वाजवलेल्या धातूच्या तारेसारखा कर्कश येतो. तंबोरा बोटाच्या मांसल भागाने हळुवार छेडला जातो. म्हणून भरलेल्या आकड्यांना आधीच शेजाऱ्याशी सरासरी काढण्याच्या तीन-चार फेऱ्या द्याव्यात. आधीचे कंपन अजून चालू असेल तर त्याचा निम्मा अंश ठेवून त्यात नवे आकडे मिळवावेत; सगळे पुसून नवे भरले तर प्रत्येक छेडीला टिचकीसारखा आवाज येतो. चारही तारांची बेरीज सोळा बिटांच्या मर्यादेत, म्हणजे ३२,७६७ च्या आत राहिली पाहिजे. प्रत्येक तारेची छेड ८,००० च्या वर जाऊ दिली नाही तर हा प्रश्न बहुधा उद्भवत नाही, तरीही बेरजेवर मर्यादेची एक तपासणी ठेवावी.

दोन्ही जोडीच्या तारा अगदी एकाच कंपनसंख्येवर ठेवल्या की आवाज गोठलेला वाटतो. दुसरी तार ०.२ हर्ट्‌झने चढी ठेवावी. पाच सेकंदांतून एकदा येणारे मंद आंदोलन बेसूर वाटत नाही आणि नादाला हालचाल देते. हे प्रमाण आवडीचे आहे, पण अर्ध्या हर्ट्‌झच्या पुढे जाऊ नये.

जवारी

येथपर्यंत आलेला आवाज गोड असतो, पण तो तंबोऱ्यापेक्षा स्वरमंडळाच्या जवळ जातो. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित बाकदार असते. तार कंप पावताना तिच्यावर टेकत-सुटत राहते, आणि घोडी व तार यांच्यामध्ये सरकवलेला दोरा नेमक्या जागी आला की नाद खुलतो; हीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तंबोरा यांच्या या घोडीचा अभ्यास करून दाखवून दिले की तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा उपस्वर सिद्धांतानुसार उमटायलाच नको, तो उपस्वरही या वाद्यांत ठळकपणे ऐकू येतो. म्हणजे घोडी सतत खालच्या कंपनांतून वरचे उपस्वर निर्माण करत असते. आपल्या साध्या तारेत असे घडवणारे काहीच नाही.

ते आणण्याचा एक परवडणारा मार्ग ऑलपासमधूनच जातो. तार घोडीकडे झुकली की तिचा थोडा भाग घोडीवर टेकतो आणि मोकळी लांबी कमी होते. उलट बाजूला गेली की लांबी पूर्ववत होते. म्हणून सॅम्पल धन असेल तेव्हा त्याच्या आकाराच्या प्रमाणात ऑलपासचा उशीर कमी करावा आणि ऋण असेल तेव्हा तो मूळचाच ठेवावा. छेडीच्या सर्वांत मोठ्या धक्क्यालाही उशीर ०.१ सॅम्पलहून अधिक कमी होणार नाही इतक्या हलक्या प्रमाणापासून सुरुवात करावी, आणि कान लावून ते ०.३ किंवा ०.४ पर्यंत वाढवत न्यावे. फार वाढवले तर छेडीच्या क्षणी स्वर चढा लागतो आणि तार किरकिरते. प्रत्येक सॅम्पलला गुणांक नव्याने काढायचा म्हणजे एक भागाकार आला, पण चार तारांसाठी ईएसपी३२ला तो जड जात नाही. खर्जाला जवारी थोडी अधिक आणि जोडीला कमी ठेवलेली मला बरी वाटते. मिरजेच्या कारागिरांच्या हातच्या जवारीची बरोबरी यातून होणार नाही, पण नाद फुलत जाऊन मग मिटण्याची जी चाल आहे ती ओळखू येते.

छेडीची लय आणि नियंत्रणे

क्रम नेहमीचाच: मधल्या बोटाने पंचम, मग तर्जनीने दोन जोडीच्या तारा आणि शेवटी खर्ज. मध्यमाची किंवा निषादाची जुळणी हवी असेल तर फक्त पहिल्या तारेची लांबी बदलते. मध्यमासाठी जोडीच्या लांबीची दीडपट आणि शुद्ध निषादासाठी सोळापंधरांश. दोन छेडींमधले अंतर मिलिसेकंदांत न मोजता सॅम्पलमध्ये मोजावे. एक सेकंद म्हणजे ४४,१०० सॅम्पल. पंचमानंतर एक सेकंद, प्रत्येक जोडीच्या तारेनंतर पाऊण सेकंद आणि खर्जानंतर दीड सेकंद अशी सुरुवात करून पाहावी. चारही अंतरे सारखी ठेवली तर कान नकळत मात्रा मोजू लागतो आणि गायकाच्या लयीत ते आड येते. प्रत्येक अंतरात दोन-तीन टक्क्यांची यादृच्छिक वधघट ठेवावी.

पट्टी निवडण्यासाठी साधा पोटेन्शिओमीटर वापरू नये. ईएसपी३२चे ॲनलॉग वाचन थोडे अस्थिर असते. नॉबला कोणी हात लावला नसतानाही आकडा इकडे-तिकडे होतो आणि षड्ज त्याच्याबरोबर हलतो. रोटरी एन्कोडरच्या प्रत्येक खटक्याला एक अर्धस्वर द्यावा आणि एन्कोडर दाबून धरला असता प्रत्येक खटक्याला दोन सेंट द्यावेत, म्हणजे हार्मोनियमशी जुळवता येते. पट्टी बदलताना चारही रांगांच्या लांब्या एकदम बदलतात, म्हणून आधी आवाज दहावीस मिलिसेकंदांत शून्यावर आणावा, मग लांब्या बदलाव्यात आणि नव्याने छेडायला लागावे. आवाजाच्या पातळीसाठी मात्र पोटेन्शिओमीटर चालतो. त्याचे वाचन सरासरीने गुळगुळीत करून घ्यावे.

पेटी आणि वीज

उघड्या स्पीकरच्या पुढून निघणारी आणि मागून निघणारी लहर एकमेकींना मारतात, आणि खर्जासारख्या खालच्या स्वरांत याचा परिणाम सर्वाधिक होतो. स्पीकर सहा-आठ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडच्या बंद पेटीत बसवावा आणि सांधे गोंदाने बुजवावेत. एवढे करूनही चार इंची स्पीकर ६९ हर्ट्‌झचा मूळ खर्ज जवळजवळ वाजवत नाही. तो ऐकू येतो तो १३९, २०८, २७७ अशा त्याच्या उपस्वरांमुळे. कान त्यांच्यावरून मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो. जवारी नीट साधली नसेल तर छोट्या स्पीकरवर खर्ज नाहीसा का होतो, याचे उत्तर यातच आहे.

वीज पाच व्होल्टच्या चांगल्या ॲडॅप्टरवरून घ्यावी. स्वस्त मोबाइल चार्जरवर बारीक शिटीसारखा आवाज मिसळतो. पॉवर बँकेवर तो नसतो, पण काही पॉवर बँका कमी प्रवाह पाहून थोड्या वेळाने आपोआप बंद होतात, तेव्हा आधी तासभर चालवून खात्री करावी. वायफाय वापरत नसाल तर प्रोग्राममध्ये ते बंद ठेवावे; त्याच्या प्रक्षेपणाच्या वेळी प्रवाहाचे झटके बसतात आणि ते स्पीकरमधून ऐकू येऊ शकतात.

जुळले आहे का?

ट्यूनरच्या ॲपने आधी प्रत्येक तार वेगळी वाजवून तपासावी. जोडीपैकी पहिली तार आणि खर्ज यांची चूक एका सेंटच्या आत आली पाहिजे; येत नसेल तर बहुधा सरासरीच्या अर्ध्या सॅम्पलचा हिशेब राहिलेला असतो. नंतर पंचम आणि पहिली जोडीची तार एकत्र छेडून डुलणे ऐकू येते का ते पाहावे. दुसरी जोडीची तार आपण मुद्दाम चढी ठेवलेली असल्यामुळे या तपासणीत ती बंद ठेवावी.

शेवटची कसोटी गंधाराची आहे. खर्जाचा पाचवा उपस्वर, काळी एकच्या पट्टीत ३४६.५ हर्ट्‌झचा, म्हणजे तार सप्तकातला शुद्ध गंधार. हा स्वर आपण प्रोग्राममध्ये कोठेही लिहिलेला नाही, तरी जुळलेल्या तंबोऱ्यात हा स्वयंभू गंधार ऐकू येतोच. खर्ज एकटा छेडून दोन-तीन सेकंदांनी कान द्यावा. गंधार उमटत नसेल तर आधी विझण्याचा गुणांक आणि मग जवारीचे प्रमाण थोडे-थोडे वाढवावे. तो उमटतो पण मागे किरकिर राहते असे असेल तर छेडीच्या आकड्यांना सरासरीच्या आणखी दोन फेऱ्या द्याव्यात.